विश्लेषण : समुद्रात सांडलेले तेल अक्सा-मार्वेला येणार का? घरच्या संगणकावर अंदाज कसा बांधतात?

पावसाळा सुरू झाला की जुहू, वर्सोवा, अक्साच्या वाळूत काळे, चिकट गोळे दिसू लागतात. पायाला डांबर लागते, मोबाइलवर फोटो फिरू लागतात आणि ‘समुद्रात जहाज फुटले’ अशा संदेशांना ऊत येतो. समुद्रात तेल सांडलेच तर ते मालाडला लागेल, वसईला की अलिबागला? याचा अंदाज बांधणारी सॉफ्टवेअर आता मोफत मिळतात आणि घरातल्या साध्या लॅपटॉपवरही चालतात. ती वापरायची कशी, त्यांच्या उत्तरावर किती विसंबायचे आणि नेमकी चूक कुठे होते, याविषयी…

मालाडकरांचा याच्याशी संबंध काय?

मालाड म्हटले की लिंक रोड, मॉल आणि मालवणीची गर्दी डोळ्यांसमोर येते. पण मालाड पश्चिमेचा मोठा भाग समुद्राला लागून आहे. मढ, भाटी, एरंगळ, दाना-पानी, अक्सा आणि मार्वे अशी ही किनारपट्टी. दक्षिणेला वर्सोवा आणि मढच्या मधून मालाड खाडी आत शिरते, तर उत्तरेला मार्वे आणि मनोरीच्या मधून मनोरीची खाडी. दोन्ही खाड्यांच्या काठाने कांदळवन आहे. मढ, भाटी, मनोरीचे कोळीवाडे या पाण्यावर जगतात.

वाळूवर आलेले तेल फावड्याने खरवडून काढता येते. कांदळवनात शिरलेले तेल काढणे फार अवघड असते. चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांवर तेलाचा थर बसला की झाडाला हवा मिळेनाशी होते. तेथेच माशांची पिल्ले, कोळंबी, खेकडे वाढतात. त्यामुळे तेल किनाऱ्याला लागण्यापूर्वी ते कोणत्या खाडीच्या तोंडाशी येणार हे कळले, तर तेथे तरंगते अडथळे म्हणजेच ‘बूम’ आधी लावता येतात. तेलगळतीच्या मॉडेलचा खरा उपयोग या काही तासांच्या आघाडीसाठी आहे.

मुंबईने यापूर्वी काय अनुभवले?

७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी जवाहरलाल नेहरू बंदरातून बाहेर पडणारे ‘एमएससी चित्रा’ आणि आत येणारे ‘एमव्ही खलिजिया-३’ ही दोन जहाजे मुंबई बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली. चित्रावर १,२०० हून अधिक कंटेनर होते. जहाज एका बाजूला कलंडले, कंटेनर पाण्यात पडले आणि सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेल्याचा अंदाज वर्तवण्यात आला. जलमार्गात कंटेनर तरंगत असल्याने मुंबई आणि जवाहरलाल नेहरू या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस थांबवावी लागली. तेल उरण, अलिबागच्या किनाऱ्यांवर आणि खाडीतील कांदळवनात पोहोचले.

जवळपास एका वर्षाने, ४ ऑगस्ट २०११ रोजी, ‘एमव्ही रॅक कॅरिअर’ हे कोळसावाहू जहाज मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले. इंडोनेशियाहून गुजरातमधील दहेजकडे निघालेल्या या जहाजात ६० हजार टनांहून अधिक कोळसा, २९० टन इंधन तेल आणि ५० टन डिझेल होते. सर्व ३० जणांना वाचवण्यात यश आले. जहाजातून झिरपणारे तेल मात्र पुढे जुहूसह मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर आले. या प्रकरणी राष्ट्रीय हरित लवादाने ऑगस्ट २०१६ मध्ये जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी रुपये भरपाईचा आदेश दिला.

दोन्ही अपघात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातले, म्हणजे नारळी पौर्णिमेच्या तोंडावरचे. पावसाळी बंदीमुळे दोन महिने होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, कर्ज काढून जाळी-डिझेलची तयारी झालेली असते आणि हंगामाच्या पहिल्याच फेऱ्यांवर घराचे गणित अवलंबून असते. अशा वेळी ‘मासळीला तेलाचा वास येतो’ एवढी बातमी पसरली तरी गिऱ्हाईक पाठ फिरवते.

तेल कुठे जाणार हे कशावरून ठरते?

मुख्यतः तीन गोष्टींवरून. पहिली म्हणजे समुद्राचा प्रवाह. पाणी ज्या वेगाने आणि ज्या दिशेने वाहते, तसेच तेलही वाहते. दुसरी म्हणजे वारा. वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ३ टक्के वेगाने तवंग वाऱ्याच्या दिशेने सरकतो, असा ढोबळ नियम आहे. तिसरी म्हणजे पाण्याची घुसळण. ती तवंगाचे तुकडे करून ते इकडेतिकडे पसरवते.

मुंबईपुरते बोलायचे तर भरती-ओहोटी वेगळी मोजावी लागते. साधारण सव्वासहा तास पाणी आत येते आणि तेवढाच वेळ बाहेर जाते. समजा, भरतीचा प्रवाह सरासरी ताशी एक किलोमीटर आहे. मग तेल एका भरतीत सहा किलोमीटर आत जाऊन ओहोटीबरोबर तेवढेच परत फिरते. हिशेबात फरक शून्य दिसतो, पण वाटेत खाडीचे तोंड आले तर आत गेलेले सगळे तेल परत येत नाही. चिखल आणि मुळे ते धरून ठेवतात.

ऋतूही महत्त्वाचा. नैऋत्य मोसमी वारे तवंग किनाऱ्याकडे ढकलतात, तर त्याच काळात पश्चिम किनाऱ्यालगतचा मोठा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. हिवाळ्यात हाच प्रवाह उत्तरेकडे वळतो. म्हणून एकाच ठिकाणी, तेवढेच तेल ऑगस्टमध्ये सांडले आणि जानेवारीत सांडले, तर दोन्ही वेळचे उत्तर वेगळे येते.

याशिवाय तेल स्वतःही बदलत जाते. डिझेलचा बराच भाग उडून जातो. जहाजाच्या इंजिनात वापरले जाणारे जड फर्नेस तेल मात्र फारसे उडत नाही. लाटांच्या माऱ्याने त्यात पाणी मिसळते आणि घट्ट, चॉकलेटी रंगाचा लगदा तयार होतो. त्याचे आकारमान मूळ तेलाच्या तीन-चार पटही होऊ शकते. पुढे त्याचेच डांबरगोळे होतात.

कोणती सॉफ्टवेअर मोफत मिळतात?

नवशिक्यासाठी दोन पर्याय सोयीचे आहेत. पहिला ‘ग्नोम’ (उच्चार ‘नोम’). अमेरिकेच्या ‘नोआ’ या सागर आणि हवामान संस्थेने ते तयार केले आहे. त्याची ‘वेबग्नोम’ ही आवृत्ती ब्राउझरमध्येच चालते, त्यामुळे संगणकावर काही उतरवून घ्यावे लागत नाही. मोबाइलच्या पडद्यावर मात्र नकाशा आणि तक्ते हाताळणे त्रासाचे ठरते. लॅपटॉप किंवा डेस्कटॉप घेतलेला बरा. अमेरिकेच्या किनाऱ्यांसाठी त्यात तयार संच आहेत. मुंबईसाठी नकाशा आणि प्रवाहाची माहिती आपण निवडावी लागते.

दुसरा पर्याय म्हणजे नॉर्वेच्या हवामान संस्थेने विकसित केलेले ‘ओपनड्रिफ्ट’. ते पायथन या भाषेत लिहिलेले असून त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे. त्यातील ‘ओपनऑइल’ हा भाग तेलासाठी आहे. हरवलेली होडी किंवा समुद्रात पडलेला माणूस वाहत कुठे जाईल, हे पाहण्याचे भागही त्यात आहेत. ते बसवण्यासाठी आधी ‘मिनीफोर्ज’ किंवा ‘मिनीकोंडा’ संगणकावर घ्यायचे, त्यात स्वतंत्र एन्व्हायर्न्मेंट तयार करायचे आणि ‘कोंडा-फोर्ज’मधून ओपनड्रिफ्टचे पॅकेज ओढायचे. जगभरच्या किनाऱ्यांचा नकाशा त्याच्यासोबतच येतो. पायथनची तोंडओळख असलेल्या विद्यार्थ्याला एवढे एका दुपारी जमते.

ज्यांना कोडची एकही ओळ लिहायची नाही त्यांनी वेबग्नोम निवडावे. ज्यांना एकच प्रयोग वारा बदलून पन्नास वेळा करून पाहायचा आहे त्यांच्यासाठी ओपनड्रिफ्ट सोपे पडते.

पहिला प्रयोग कसा करावा?

सुरुवातीलाच उपग्रहांची आणि सागरी प्रवाहांची मोठी फाइल उतरवण्याच्या फंदात पडू नये. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये वारा आणि प्रवाह यांचे स्थिर आकडे हाताने भरता येतात. त्यामुळे सॉफ्टवेअर कसे विचार करते हे लवकर कळते.

पायऱ्या अशा :

१. ठिकाण : सरावासाठी १८.७५ अंश उत्तर आणि ७२.५० अंश पूर्व हा बिंदू घ्या. तो कुलाब्यापासून नैऋत्येला सुमारे ३७ किलोमीटर, म्हणजे २० सागरी मैल आहे.

२. वेळ : सुरुवातीची तारीख व वेळ द्या आणि कालावधी ७२ तास ठेवा.

३. तेल : यादीतून जड इंधन तेल निवडा आणि १०० टन असा आकडा भरा.

४. वारा : नैऋत्येकडून, सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. ओपनड्रिफ्टमध्ये वारा दोन भागांत द्यावा लागतो. पूर्वेकडे ७.०७ आणि उत्तरेकडे ७.०७ असे आकडे भरले की नैऋत्येचा १० मीटरचा वारा तयार होतो.

५. प्रवाह : पहिल्या वेळी शून्य ठेवा.

६. कण : मॉडेल तवंगाला हजारो ठिपक्यांत विभागते आणि प्रत्येक ठिपका वेगळा चालवते. सुरुवातीला एक हजार ठिपके पुरेत.

मग ‘रन’. काही वेळात नकाशावर ठिपक्यांचा पुंजका ईशान्येकडे सरकताना दिसतो. सोबत एक आलेखही मिळतो. किती तेल उडाले, किती पाण्यात मिसळले, किती पृष्ठभागावर आहे आणि किती किनाऱ्याला लागले, याचा तो हिशेब असतो. नवशिक्यांचे लक्ष हलत्या नकाशाकडेच राहते. सफाईला किती माणसे आणि किती पिंपे लागतील हे मात्र आलेखावरून ठरते.

उत्तर बरोबर आहे हे कसे ओळखायचे?

कागद आणि पट्टी घेऊन. वाऱ्याचा वेग सेकंदाला १० मीटर, त्याचे ३ टक्के म्हणजे ०.३ मीटर. हा वेग तासाला साधारण १.१ किलोमीटर होतो. सरावाच्या बिंदूपासून ईशान्येला सरळ रेघ ओढली तर ती सुमारे ४७ किलोमीटरवर वांद्र्याच्या आसपास किनाऱ्याला लागते. म्हणजे तेल पोहोचायला साधारण ४३ तास.

मॉडेलने ४३ ऐवजी ५० तास दाखवले तर घाबरायचे कारण नाही. लाटा तेलाला पाण्याखाली दाबतात, खाली गेलेल्या तेलावर वाऱ्याचा जोर चालत नाही आणि ते मागे पडते. पण मॉडेलने ४ तास किंवा ४०० तास दाखवले, तर आकडे भरताना चूक झाली आहे असे समजावे.

वारा थोडासा वळला तर काय होते?

येथेच या प्रयोगाचा खरा धडा आहे. बाकी सगळे तसेच ठेवून फक्त वाऱ्याची दिशा बदलून पाहावी.

वारा नैऋत्येचा असेल तर रेघ वांद्र्याला लागते. तो दक्षिणेकडे केवळ साडेबावीस अंशांनी वळला, म्हणजे दक्षिण-नैऋत्येचा झाला, तर तीच रेघ वसईच्या किनाऱ्याकडे जाते आणि वेळ जवळपास तीन दिवसांवर जातो. वारा सरळ पश्चिमेचा झाला तर तेल मुंबईला न लागता अलिबाग तालुक्यातील आवास-किहीम पट्ट्याकडे जाते, तेही सुमारे ३५ तासांत.

मढ ते मार्वे हा मालाडचा किनारा वांद्रे आणि वसई यांच्या मधोमध येतो. वाऱ्याच्या अंदाजात साडेबावीस अंशांची चूक दोन दिवसांनंतरच्या अंदाजासाठी काही विशेष नाही. पावसाळ्यात एखादी जोरदार सर आली तरी वारा तेवढा वळतो. त्यामुळे ‘तेल उद्या अक्सालाच येणार’ असे ठाम सांगणारा नकाशा कोणी पाठवला, तर तो चालवणाऱ्याला मॉडेल कळलेले नाही असे खुशाल समजावे.

जाणकार मॉडेल एकदा चालवून थांबत नाहीत. वारा थोडा इकडे, थोडा तिकडे, वेग थोडा कमी, थोडा जास्त असे करून ते अनेकदा चालवतात. ग्नोममध्ये यासाठी दोन रंगांचे ठिपके असतात. काळे ठिपके ‘बहुधा येथे’ असे सांगतात, तर लाल ठिपके ‘अंदाज चुकला तर येथेही’ असे सांगतात. काळे ठिपके वांद्र्याला आणि लाल ठिपके मनोरीच्या खाडीच्या तोंडाशी असतील, तर बूम दोन्हीकडे तयार ठेवावी लागते. कारण तेल येण्याची शक्यता कमी असली तरी कांदळवनाचे नुकसान वाळूपेक्षा कितीतरी मोठे असते.

खरी आकडेवारी कुठून मिळते?

सराव झाल्यावर खरे वारे आणि प्रवाह वापरता येतात. युरोपच्या ‘कोपर्निकस मरीन’ सेवेवर नोंदणी केली की जगभरच्या समुद्रप्रवाहांचे अंदाज आणि १९९३पासूनची जुनी माहिती मोफत मिळते. वाऱ्याच्या जुन्या नोंदींसाठी ‘ईआरए-५’ हा संच वापरतात. त्यात १९४०पासूनची तासातासाची माहिती आहे. पुढच्या काही दिवसांच्या वाऱ्यासाठी अमेरिकेच्या ‘जीएफएस’ या जागतिक अंदाजाचे आकडे खुले असतात.

संपूर्ण जगाची फाइल ओढली तर घरचे इंटरनेट आणि हार्डडिस्क दोन्ही पुरणार नाहीत. उत्तर अक्षांश १७.५ ते २०.५ आणि पूर्व रेखांश ७१ ते ७३.५ एवढाच चौकोन कापून घ्यावा. मुंबईसाठी तो पुरेसा आहे. माहिती ‘नेटसीडीएफ’ या प्रकारच्या फाइलमध्ये येते आणि ओपनड्रिफ्ट ती थेट वाचते. प्रवाहाच्या संचात भरती-ओहोटी धरलेली आहे का, हे त्याच्या वर्णनात आधी पाहावे. काही संचांत ती नसते, आणि मुंबईच्या किनाऱ्यालगत ती नसली तर उत्तराला अर्थ राहत नाही.

अभियांत्रिकीच्या किंवा पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी चांगला प्रकल्प म्हणजे ऑगस्ट २०१०चा अपघात पुन्हा चालवून पाहणे. त्या दिवसांचे वारे आणि प्रवाह घ्यायचे, प्राँग्स दीपगृहाजवळ तेल सोडायचे आणि ठिपके उरण-अलिबागकडे जातात का ते वृत्तपत्रांतील जुन्या बातम्यांशी ताडून पाहायचे. घडून गेलेल्या गोष्टीचे उत्तर नीट आले तरच पुढच्या अंदाजावर थोडाफार विश्वास ठेवता येतो.

हमखास होणाऱ्या चुका कोणत्या?

वाऱ्याची दिशा : हवामान खाते वारा ‘कुठून’ येतो ते सांगते, तर प्रवाहाची दिशा ‘कुठे’ जातो यावरून सांगतात. नैऋत्य वारा आणि नैऋत्य प्रवाह हे परस्परांच्या उलट आहेत. ही गल्लत झाली की अक्साकडे येणारे तेल पडद्यावर उलट्या दिशेने, खोल समुद्राकडे निघते.

अंश आणि मिनिटे : जहाजाचे ठिकाण बातमीत १८ अंश ४५ मिनिटे असे येते. ते १८.४५ असे भरले तर बिंदू ३३ किलोमीटर दक्षिणेला सरकतो. ४५ मिनिटे म्हणजे पाऊण अंश, म्हणून आकडा १८.७५ हवा.

घड्याळ : बहुतेक फाइलींत जागतिक प्रमाणवेळ असते. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. साडेपाच तासांच्या चुकीने भरतीची जवळजवळ ओहोटी होते.

वेगाचे एकक : वारा कधी नॉटमध्ये, कधी ताशी किलोमीटरमध्ये, कधी सेकंदाला मीटरमध्ये दिलेला असतो. एक नॉट म्हणजे सेकंदाला साधारण अर्धा मीटर. २० नॉटचा वारा २० मीटर म्हणून भरला की तेल दुप्पट वेगाने धावते.

तेलाचे प्रमाण : जहाजात किती तेल ‘होते’ आणि किती ‘सांडले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दिवशीचे आकडे बहुतेक वेळा बदलतात. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोर येथे दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हा सुरुवातीच्या अंदाजापेक्षा कितीतरी अधिक तेल किनाऱ्यावर आल्याचे नंतर स्पष्ट झाले.

मालाडच्या खाड्यांबाबत मॉडेल कुठे कमी पडते?

जागतिक प्रवाहाचे मोफत संच समुद्राचे सुमारे ९ किलोमीटरचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला एकच वेग देतात. मढ, एरंगळ, अक्सा आणि मार्वे हे सगळे मिळून अशा एक-दोन चौकोनांत मावतात. मनोरीची खाडी, जेथून मार्वे-मनोरीची फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे जाते, ती अशा संचाला दिसतच नाही. त्यामुळे तेल खाडीत किती आत जाईल, याचे उत्तर घरच्या मॉडेलकडून अपेक्षित धरू नये. त्यासाठी खाडीची खोली, भरतीच्या नोंदी आणि फार बारीक जाळीचे मॉडेल लागते.

‘तेल मुंबईच्या दिशेने येत आहे का, आणि अंदाजे किती दिवसांत’ एवढ्या प्रश्नापर्यंत घरचे मॉडेल चालते. ‘कोणत्या चौपाटीवर, किती वाजता’ हा प्रश्न त्याला विचारू नये.

भारतात अधिकृत अंदाज कोण देते?

समुद्रातील तेलगळतीशी सामना करण्याची समन्वयक यंत्रणा म्हणजे भारतीय तटरक्षक दल. यासाठीचा राष्ट्रीय आपत्कालीन आराखडा १९९६पासून लागू आहे. तेल कुठे जाईल याचा शास्त्रीय अंदाज हैदराबाद येथील ‘इन्कॉइस’, अर्थात भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र देते. ठिकाण, वेळ, तेलाचा प्रकार आणि प्रमाण दिले की तवंगाची वाट दाखवणारी ऑनलाइन सेवा या संस्थेने उभारली आहे. त्यामागे ग्नोमच आहे. फरक असा की त्याला इन्कॉइसच्या स्वतःच्या सागरी अंदाजांचे प्रवाह आणि वारे पुरवले जातात.

२५ मे २०२५ रोजी ‘एमएससी एल्सा-३’ हे ६४० कंटेनर घेऊन जाणारे जहाज केरळच्या किनाऱ्याजवळ बुडाले. त्याच्या टाक्यांत ३६७ टन फर्नेस तेल आणि ८४ टन डिझेल होते. तेव्हाही तेल आणि कंटेनर कोणत्या जिल्ह्यांच्या किनाऱ्याकडे जातील याचे अंदाज इन्कॉइसने दिले होते.

मग घरी हे चालवून उपयोग काय?

पहिला उपयोग, अधिकृत इशारा वाचता येणे. ‘तवंग ७२ तासांत उत्तर कोकण किनाऱ्याकडे सरकण्याची शक्यता’ या वाक्यात वारा, प्रवाह आणि चुकीची किती शक्यता दडलेली आहे, हे स्वतः दहा वेळा मॉडेल चालवलेल्या माणसाला लगेच कळते.

दुसरा, अफवा ओळखणे. अलिबागला तेल आले म्हणून मढची मासळी खराब झाली असे होत नाही. वारा कोणत्या दिशेचा आहे हे पाहून निदान तेवढे तरी सांगता येते. १ ऑगस्टला होड्या सोडणाऱ्या कोळीवाड्यासाठी ही साधी बाब नाही.

तिसरा, उलटा हिशेब. ओपनड्रिफ्टमध्ये वेळ मागे नेता येतो. डांबरगोळे आज अक्साला दिसले, तर ते दोन-तीन दिवसांपूर्वी साधारण कोणत्या पट्ट्यात असावेत, हे पाहता येते. यातून एखाद्या जहाजावर बोट ठेवता येत नाही. त्यासाठी तेलाच्या नमुन्याची प्रयोगशाळेतील रासायनिक तपासणी लागते. पण शोध कोणत्या बाजूने सुरू करायचा, याचा अंदाज येतो.

घरी काढलेला नकाशा ‘इशारा’ म्हणून ग्रुपवर टाकणे मात्र टाळावे. त्यावर ‘सराव’ असे लिहिले तरी पुढे पाठवणारा ते कापून टाकतो.

किनाऱ्यावर तेल दिसले तर काय करावे?

तेलाला उघड्या हाताने स्पर्श करू नये. अंगाला लागलेच तर साबण-पाण्याने किंवा खोबरेल तेल लावून पुसावे. रॉकेल, पेट्रोल वा डिझेल त्वचेवर चोळू नये. लहान मुले आणि पाळीव कुत्र्यांना दूर ठेवावे. महापालिकेच्या आपत्कालीन १९१६ या क्रमांकावर कळवावे. समुद्रात तवंग किंवा संकटातले जहाज दिसल्यास तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे.

फोटो काढताना तारीख, वेळ आणि नेमके ठिकाण नोंदवावे. भरती होती की ओहोटी, वारा कोणत्या बाजूने होता, हेही लिहावे. दोन ओळींची अशी नोंद मॉडेल चालवणाऱ्यांना फार उपयोगी पडते, कारण पडद्यावरचे ठिपके बरोबर चालले आहेत की नाहीत हे ताडून पाहायला किनाऱ्यावरच्या माणसाने पाहिलेल्या तेलाखेरीज फारसे काही हाताशी नसते.